घोडा, गेंडा आणि तिसरा

पहिला दिवस : सान होसे ते बिहाग्वा

चिपळूणच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. विषमखुरी प्राण्यांचा धडा आला की फळ्यावर तीन नावं लिहायची : घोडा, गेंडा, टापीर. घोडा मुलांनी वरातीत पाहिलेला असायचा, गेंडा निदान चित्रात. टापीरबद्दल कुणी विचारलंच तर ‘डुकरासारखा दिसतो पण डुक्कर नव्हे, सोंड असते पण हत्ती नव्हे’ असं सांगून मी पुढे सरकायची. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, मग तो आहे कोण?’ वर्ग हसला, मीही हसले, आणि घंटा झाली.

म्हणून ह्यूस्टनच्या भाचीने ‘मावशी, साठीला तुला काय देऊ?’ असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पटकन ‘टापीर’ निघालं. तिने फोनवर शोधून पाहिलं. ‘हा? याच्यासाठी कोणी प्रवास करतं?’

जगात टापीरच्या चार जाती मानल्या जातात. काळ्या-पांढऱ्या अंगाचा एकटा आशियात, म्यानमारपासून सुमात्रापर्यंत. उरलेल्या तीन अमेरिका खंडात. नकाशात आशियातलाच जवळचा, पण तिथल्या जंगलात तो दिवसाउजेडी दिसणं म्हणजे नशीबच. त्यापेक्षा मध्य अमेरिकेतल्या बेअर्डच्या टापीरची आशा जास्त. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, त्यामुळे कोस्टा रिकाचा वेगळा लागला नाही. फेब्रुवारी ठरला. प्रशांत महासागराच्या बाजूला तेव्हा उन्हाळा असतो.

सान होसेच्या विमानतळावर भाड्याची गाडी घेऊन भाची चालवायला बसली. कान्यासपर्यंत सरळ महामार्ग, मग डोंगराकडे वळायचं. तेनोरिओ आणि मिरावाल्येस या दोन ज्वालामुखींच्या खिंडीत बिहाग्वा नावाचं गाव आहे. नाव ऐकल्यापासून माझ्या डोक्यात बिहाग सुरू होता. गाव मात्र बिहागापेक्षा मल्हाराचं निघालं. खाली कान्यासला उन्हाने माती फुटलेली आणि तासाभरात वर चढलो तर पाऊस.

इथे टापीरला ‘दांता’ म्हणतात. नावात दात, आणि फोटोत पाहावं तर सगळं नाकच नाक. स्पॅनिशमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे पुढे आठ दिवस आम्हीही ‘ती’च म्हणत राहिलो.

दुसरा दिवस : बिहाग्वा

जिथे उतरलो होतो त्या घराची मालकीण माझ्याच वयाची. सकाळी तिने भात आणि काळ्या घेवड्याचा ‘गायो पिंतो’ वाढला. आपल्या शिळ्या भाताला उसळीत परतावं तसा लागतो. भाचीच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधून आमच्या गप्पा सुरू झाल्या. मी टापीर पाहायला आले आहे कळल्यावर ती खूप हसली.

तिच्या लहानपणी दांता म्हणजे मांस. तिचे वडील कुत्री घेऊन जायचे. कुत्री मागे लागली की दांता पाण्याकडे धावते, कारण पाणी हे तिचं घर. ओढ्याच्या डोहात उतरून ती नाक वर काढून उभी राहते. वाघापासून, म्हणजे इथल्या जॅग्वारपासून, वाचायला ही युक्ती बरी; बंदुकीपुढे तीच घात करते. ‘वडील म्हणायचे, तिच्यामागे धावायची गरजच नाही, डोहापाशी जाऊन थांबायचं.’ हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला आमच्याकडच्या रानडुकराच्या शिकारीच्या गप्पा आठवल्या. त्याही अशाच, चहाबरोबर.

दिवसभरात रिओ सेलेस्ते नदी पाहून आलो. निळ्या रंगाच्या धबधब्यासमोर फोटोंसाठी रांग होती. दोन ओढे मिळतात तिथे पाण्याची आम्लता बदलते, त्यातले बारीक खनिजकण वाढतात आणि प्रकाशाचा निळा भाग विखुरतात; रंगीत असं पाण्यात काही नाही. छान आहे. मी ज्यासाठी आले होते ते हे नव्हतं.

संध्याकाळी गमबूट चढवून ‘टापीर व्हॅली’ या खासगी राखीव जंगलात गेलो. जंगल म्हणायचं, पण पूर्वी हे गुरांचं कुरण होतं. गुरं काढली, पाणी जिरू दिलं, झाडं आपली आपण आली, काही लावली. आता मध्ये दलदल आहे आणि कडेने दाट रान. याच दलदलीत एक हिरवा, चिमुकला झाडबेडूक सापडला आणि 2022 मध्ये नवी जात म्हणून शास्त्रात त्याची नोंद झाली. गुरं चरायची त्या जागी जगाला माहीत नसलेला बेडूक बसलेला असतो, हे वर्गात सांगायला किती मजा आली असती!

गाईड तिशीचा, शांत. विजेरीला लाल काच. ओढ्याच्या काठी त्याने चिखलावर प्रकाश टाकला आणि मी अक्षरशः गुडघ्यांवर बसले. तीन बोटांचा ठसा, माझ्या तळहाताएवढा. त्याच्या पुढे अर्धवट बुजलेला दुसरा, त्याला चार बोटं.

तीस वर्षं मी ‘विषमखुरी’ म्हणून शिकवलेल्या प्राण्याला पुढच्या पायाला चार बोटं आहेत! पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. चिखलात बोट घालून मोजणं वेगळं. मागच्या पायाला तीन, पुढच्या पायाला चार, आणि चौथं बाहेरचं बोट लहान. घट्ट जमिनीवर ते टेकतही नाही. विषमखुरी म्हणायचं ते बोटांच्या बेरजेवरून नव्हे, अंगाचा भार मधल्या बोटावर पडतो म्हणून. घोड्याने तेवढं एकच बोट ठेवलं, गेंड्याने तीन, आणि ही बया कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जुना हिशेब अजून तसाच घेऊन चालली आहे.

आम्ही दोन तास बसलो. बेडकांचा गलका, मच्छर, आणि माझ्या पायाला मुंग्या. साडेनऊच्या सुमाराला दलदलीपलीकडून एक बारीक, ताणलेली शीळ आली. मला रातपक्षी वाटला. गाईडने हात वर केला. दोन-अडीचशे किलोंचा प्राणी, आणि आवाज शिट्टीसारखा! मग पाण्यात काहीतरी जड चाललं, फांदी मोडली, आणि संपलं.

दिसली नाही. परतताना गाईडने फोनवर कॅमेरा-ट्रॅपचं चित्रण दाखवलं. आम्ही बसलो होतो तिथेच, रात्री दोनला, एक मादी आणि तिच्यामागे पिल्लू. पिल्लाच्या अंगावर पांढरे पट्टे आणि ठिपके, कलिंगडासारखे. ‘तेरा महिने पोटात,’ तो म्हणाला, ‘एका वेळी एकच. मग वर्षभर, कधी त्याहून जास्त आईबरोबर.’ भाचीने हिशेब केला : म्हणजे दोन वर्षांत एक पिल्लू, तेही जगलं तर. एका गावात दोन शिकारी आणि चार कुत्री असली की वाढ संपली. यासाठी मोठा कत्तलखाना लागत नाही.

‘इथे त्या रात्रीच का दिसतात?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘अजून घाबरतात. आजोबांनी मारलेलं नातवंडांना आठवतं.’ शास्त्राच्या भाषेत हे वाक्य टिकायचं नाही. पण मी त्याला दुरुस्त केलं नाही.

तिसरा दिवस : रस्ता

बिहाग्वातून निघून कार्तागोपर्यंत. लिहिण्यासारखं एवढंच की गाव सोडताना रस्त्याच्या कडेला दांताच्या चित्राची पिवळी पाटी दिसली. दोन ज्वालामुखींची जंगलं या रस्त्याने तोडली आहेत आणि इकडून तिकडे जायला तिला डांबर ओलांडावं लागतं. बाकी दिवसभर ट्रक, ट्रक आणि ट्रक.

चौथा दिवस : मरणाचा डोंगर

कार्तागोहून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग ‘सेर्रो दे ला मुएर्ते’ चढतो. नावाचा अर्थ सरळ आहे, मरणाचा डोंगर. रस्ता होण्यापूर्वी पलीकडच्या खोऱ्यातली माणसं माल घेऊन पायी राजधानीकडे यायची आणि थंडीने वाटेत गारठून मरायची. माथा 3,300 मीटरच्या वर. ढग गाडीच्या काचेवर येऊन बसले. वडाच्या पारंब्यांसारखं शेवाळ लोंबणारे ओक वृक्ष मागे पडले आणि वर खुरटं, वाऱ्याने दाबलेलं गवताळ रान सुरू झालं.

माथ्याजवळच्या टपरीवर ‘आग्वा दुल्से’ प्यायलो. गरम पाण्यात गूळ. बस, एवढंच. ढेपही आपल्यासारखीच, फक्त साच्यातली. विषुववृत्ताजवळ, तीन हजार मीटरवर, हातात गूळपाणी घेऊन मी कुडकुडत उभी होते आणि टपरीवाला सांगत होता की या थंडीतही दांता असते. मला खरं वाटेना. माझ्या डोक्यात टापीर म्हणजे दमट जंगल, चिखल, नदी. पण बेअर्डचा टापीर समुद्रकिनाऱ्यापासून तालामांका डोंगररांगेच्या या माथ्यापर्यंत सगळीकडे राहतो. पाणी हवं, आडोसा हवा, आणि माणूस नको.

माणूस मात्र आहे, आणि ताशी ऐंशीने आहे. या महामार्गावर रात्री गाड्यांखाली दांता मरतात. धुकं, वळणं, उतरता ट्रक, आणि काळपट करडा प्राणी जो डांबराच्या रंगात मिसळून जातो. ‘नाई’ नावाची इथली संरक्षण संस्था याच प्रश्नावर काम करते. ‘नाई’ हा ब्रिब्री लोकांच्या भाषेतला दांतासाठीचा शब्द. डोंगराच्या पलीकडच्या, कॅरिबियन बाजूच्या उतारांवर ब्रिब्रींची गावं आहेत. त्यांच्या कथांत दांता ही सृष्टिकर्त्या सिबोची बहीण, त्यामुळे तिला मारण्या-खाण्याला परंपरेने कडक बंधनं. देवाची बहीण आणि तिचं मरण ट्रकखाली! आपल्याकडे पेंचजवळ नागपूर-शिवनी महामार्गाखाली वाघ-हरणांसाठी भुयारी वाटा केल्या आहेत, त्या मी पाहिल्या आहेत. इथे, या कड्यावर, तसं काही करणं किती अवघड असेल हे वळणं घेतानाच कळत होतं.

डोंगर उतरलो आणि दोन तासांत हवा बदलली. आधी अननसाची शेतं, मग पाल्मारच्या पुढे तेल-ताडाच्या रांगा. कुठेही पाहा, ताड, ताड, ताड, आणि त्याखाली काही नाही. हा सगळा मुलूख पूर्वी केळ्यांचा. केळी कंपनी 1980च्या दशकात निघून गेली आणि ताड आले. नकाशात पाहिलं तर तालामांकाचे डोंगर एका बाजूला, ओसा द्वीपकल्पाचं जंगल दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ही शेती. ‘अमिस्तोसा’ नावाचा जैविक जोडपट्टा या दोघांना सांधण्यासाठी आखला आहे. कागदावर तो हिरवा दिसतो. प्रत्यक्षात तो म्हणजे नदीकाठची झाडं, एखाद्या शेतकऱ्याने राखलेला कोपरा, मध्येच कुरण. बिहाग्वाचं कुरण पाहून आले नसते तर मला यात काही आशा वाटली नसती.

या देशाची एक गोष्ट मानायला हवी. 1980च्या दशकात इथलं जंगल पार खालावलं होतं, मुख्यतः गुरांच्या कुरणांसाठी. 1996च्या वनकायद्याने जंगल तोडून जमिनीचा वापर बदलायला बंदी केली, आणि पुढच्या वर्षापासून झाडं राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार पैसे देऊ लागलं. त्यातला मोठा भाग इंधनावरच्या करातून येतो. म्हणजे मघाशी आम्ही टाकी भरली त्यातले काही पैसे कुणाच्या तरी झाडांना गेले. दांताला चिरडणारा ट्रकही तिच्या जंगलाचा कर भरतो! 2012 मध्ये खेळ म्हणून शिकार करण्यावरही बंदी आली.

रात्री पुएर्तो हिमेनेसला पोचलो. उकाडा, कुत्री, आणि खिडकीबाहेर बदामाचं झाड.

पाचवा दिवस : सिरेना

पहाटे होडी. मातापालो टोकाला वळसा घालून उघड्या समुद्रातून जावं लागतं. मी कोकणातली, पण पोटाने त्याची दखल घेतली नाही. दीड-दोन तासांनी धक्का नसलेल्या किनाऱ्यावर होडी थांबली आणि आम्ही मांडीभर पाण्यात उतरलो. बूट गळ्यात, पिशवी डोक्यावर.

कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान 1975 मध्ये झालं. गाईडशिवाय आत येता येत नाही, परवाना आधी काढावा लागतो, बाहेरचं खाणं आणि एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक चालत नाही. माझ्या पिशवीतले चिवड्याचे दोन पुडे बाहेरच ठेवायला लागले. सिरेना ठाण्यावर लाकडी चौथरा, वर छप्पर, रांगेने दुमजली खाटा आणि मच्छरदाण्या. जेवण तिथेच, गावातल्या लोकांच्या मंडळाकडून.

आमचा इथला गाईड पन्नाशीचा. त्याचे वडील ‘ओरेरो’, म्हणजे नदीच्या वाळूतून सोनं धुणारे. 1986 मध्ये सरकारने शेकडो ओरेरोंना उद्यानातून बाहेर काढलं, तेव्हा हा लहान होता. जंगलात महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसांना मांस लागायचं, ते जंगलातलंच. ‘तुम्ही दांता खाल्लीय?’ भाचीने सरळ विचारलं. मी तिला कोपर मारलं. तो म्हणाला, ‘खाल्लीय. चांगली लागते.’ मग जरा थांबून, ‘माझ्या मुलाने नाही खाल्ली.’

2020 मध्ये पर्यटक थांबले तेव्हा काय केलं, असं मी विचारलं. गाईडचं काम बंद, पगार नाही. काहीजण पुन्हा नदीवर गेले, वाळू धुवायला. तो स्वतः गेला का, हे त्याने सांगितलं नाही आणि या वेळी भाचीनेही विचारलं नाही. पर्यटनाने जंगल वाचतं असं सगळे म्हणतात. मलाही पटतं. पण एवढ्या बारीक दोरीवर अडीचशे किलोंचं जनावर लटकवलेलं पाहून धाकधूक होते.

दुपारी किनाऱ्यालगतच्या वाटेवर लाल मकाव पोपटांचा थवा बदामाच्या झाडावर बसून कडाकडा बिया फोडत होता. बदाम म्हणजे आपलाच तो, शाळेच्या मैदानातला, लाल पानं गळणारा, दगडाने फोडून खायचा. मूळ आशियातला, इथे आणलेला. मी खालची एक बी उचलून दगडाने फोडली आणि भाचीला अर्धी दिली. गाईडला वाटलं मी वेडी आहे.

दांता दिसली नाही. मुंगीखाऊ दिसला, माकडांच्या चारही जाती दिसल्या, नदीच्या मुखाशी मगर दिसली. रात्री डायरीत लिहिलं : दोन ठिकाणी लीद. घोड्याच्या लिदीसारखीच, मी पाहिलीय.

सहावा दिवस : रिओ क्लारो

साडेचारला हाऊलर माकडांनी उठवलं. उजाडायच्या आत निघालो. वाटेवर समोरून येणारे दुसरे गाईड आमच्या माणसाच्या कानात काहीतरी पुटपुटत जात होते. सहा वाजता तो वाट सोडून समुद्राकडे वळला, बोट ओठांवर.

ती झोपली होती.

किनाऱ्यामागच्या झाडीत, चिखलात रुतून, कुशीवर. पहिल्यांदा मला दगड वाटला. मग दगडाचा कान हलला, कडेला पांढरी किनार असलेला. पाठीवर एक पिवळ्या डोक्याचा कॅराकारा ससाणा बसून अंगावरच्या गोचिड्या एकेक टिपत होता, अगदी न्हाव्याच्या तन्मयतेने. आम्ही दहा-बारा मीटरवर उभे. तिने डोळा उघडला, आमच्याकडे पाहिलं, आणि मिटला.

एवढंच. बिहाग्वात दोन तास चिखलात बसून एक शीळ मिळाली, आणि इथे ती झोपेतून उठायलाही तयार नाही. जात तीच. फरक एवढाच की इथे कितीतरी वर्षं तिच्यावर कुणी कुत्री सोडलेली नाहीत. भाची कुजबुजली, ‘मावशी, ही तर आपल्या म्हशीसारखी आहे गं.’ खरंच तशी होती. मलाही नेमकं तेच वाटलं होतं आणि शिक्षकी पेशामुळे मी ते मनातच दाबलं होतं.

1990च्या दशकात याच सिरेनाच्या परिसरात चार्ल्स फोर्स्टर या संशोधकाने दांतांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे घालून वर्षानुवर्षं त्यांचा माग काढला. एकेकीचा वावर सरासरी सव्वाशे हेक्टरांत, म्हणजे सव्वा चौरस किलोमीटरमध्ये. बहुतेक फिरणं रात्रीचं. एवढ्या मोठ्या अंगाला एवढंसं अंगण पुरतं, पण ते अंगण धड असावं लागतं.

अर्ध्या तासाने ती उठली. आधी पुढचे पाय, मग बूड, सगळं सावकाश. तेव्हा कुठे नाक कळलं. ते स्थिर राहतच नाही. वर, डावीकडे, पानाला गुंडाळून खाली, परत वर. डोळ्यांचं काम नाकच करत होतं. मग ती चालू लागली आणि झाडीतून तिच्यामागे पिल्लू निघालं. अंगावरचे पट्टे जवळजवळ पुसलेले, बरगड्यांच्या बाजूला दोन ओळी शिल्लक. म्हणजे सहा महिन्यांच्या आसपासचं.

गाईडने लगेच आम्हाला मागे सरकवलं. पिल्लू असताना हिच्या शांतपणावर जायचं नाही. 2006 मध्ये देशाचे एक माजी पर्यावरणमंत्री याच जंगलात वाट चुकले. शोधपथकाला सापडले तेव्हा त्यांना दांता चांगलीच चावलेली होती. आता माजी मंत्र्यांना जिने सोडलं नाही, ती चिपळूणच्या निवृत्त बाईंना काय सोडणार!

दोघी रिओ क्लारोच्या काठाला आल्या. आई थेट पाण्यात शिरली, पोटापर्यंत, पाठीपर्यंत, मग फक्त डोकं आणि वर उचललेलं नाक. पिल्लू काठावर नाचलं आणि शेवटी उतरलं. डोहात उभी राहून तिने जे केलं त्याने भाचीने तोंडावर हात दाबला. लिदीचे गोळे एकेक वर तरंगत आले आणि प्रवाहाबरोबर आमच्या समोरून गेले.

‘माळीण,’ गाईड अभिमानाने म्हणाला. इथे सगळे तिला जंगलाची माळीणच म्हणतात. फळं खाते, बिया पोटातून दूर नेऊन टाकते, म्हणून. अमेरिका खंडातले हत्तीसारखे मोठे प्राणी नाहीसे झाल्यावर मोठ्या बिया गिळू शकणाऱ्यांत हीच उरली.

माझ्यातली बाई गप्प बसेना. डॅनियल जान्झन या शास्त्रज्ञाने याच देशात, उत्तरेकडे, पाळीव दांताला ग्वानाकास्ते झाडाच्या बिया खायला घालून पाहिल्या होत्या. 1981 मध्ये त्याने लिहिलं : बऱ्याच बिया तिच्या पोटात जिवंत राहत नाहीत. ज्या आतच फुगून रुजायला लागतात त्या पचून जातात. ज्यांचं कवच टणक राहतं त्या बाहेर पडतात. आणि ती लीद पाण्यात टाकते, तिथे कितीतरी बुडूनही जातात. मी हे भाचीकरवी गाईडला सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, ‘माळ्यालाही जेवायला लागतंच की.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एखादा गोळा खाली कुठेतरी गाळात अडकेल, त्यातली एखादी बी पुराच्या पाण्याने काठावर फेकली जाईल. वर्षाला लागतात तरी किती?

दुपारभर मी चौथऱ्यावर पाय सोडून बसले. पुन्हा पाहायला जायचं का, असं भाचीने दोनदा विचारलं. नको म्हटलं. पोट भरलं होतं.

सातवा दिवस : सिरेना ते काराते

ओहोटीची वेळ साधून पायी परतलो. ला लिओना ठाण्यापर्यंत सोळा किलोमीटर, पुढे काराते साडेतीन. बरीचशी वाट वाळूतून, उन्हात. गुडघ्यांनी दहाव्या किलोमीटरला साथ सोडली, पुढचे केवळ हट्टाने. या दिवसाची एकच गोष्ट : ओल्या वाळूत, लाटेच्या रेषेला समांतर, ताजे ठसे. मागचे तीन, पुढचे चार. ती पहाटे समुद्रकाठाने फिरून परत झाडीत गेली होती. मी त्यांच्या शेजारून चालत राहिले, माझे बूट आणि तिचे खूर, कितीतरी वेळ, पाणी येऊन दोन्ही पुसून जाईपर्यंत.

आठवा दिवस : परत

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. पुएर्तो हिमेनेसहून निघायला उशीर झाला, वाटेत रस्त्याचं काम, आणि मरणाचा डोंगर चढायला लागलो तेव्हा अंधार पडला होता. माथ्याजवळ धुकं. गाडीच्या दिव्यांत पिवळी पाटी आली, त्यावर काळी दांता, नाक खाली.

भाचीने वेग उतरवला. साठ, चाळीस, तीस. तीन वळणं आम्ही तशीच गेलो, दोघी कडेच्या गवताकडे बघत. मागे ट्रक आला. त्याने आधी दिवे मारले, मग लांबलचक हॉर्न दिला.

‘देऊ दे त्याला,’ मी म्हटलं.

‘मावशी, हा आपल्यावर चढेल.’

‘कड्याला जागा आली की बाजूला घे. तोपर्यंत तीसच.’

ट्रक पुढे निघून गेला तेव्हा त्याचे लाल दिवे बराच वेळ धुक्यात दिसत होते. भाचीने काच खाली केली. थंडी आत आली, ओल्या गवताचा वास आला. शीळ वगैरे काही ऐकू आली नाही.